वहीतला घसारा आणि पायाखालचा घसारा

मार्च महिना सरत आला की व्यापारी घरांतून हिशेबाची लगबग सुरू होते. येणे-देणे, शिल्लक माल आणि बँकेचा मेळ जुळला की अखेरीस एक ओळ लिहायची राहते, ती घसाऱ्याची. दुकानाची गाडी वर्षभर चालली, तेवढी तिची किंमत कमी झाली, हे त्या ओळीने मान्य केले जाते. स्वतःचा माल वाहण्यासाठी ठेवलेल्या गाडीवर आयकराच्या नियमांप्रमाणे दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. भाड्याने चालवायच्या मालमोटारीला ३० टक्के. आठ लाख रुपयांना घेतलेली पिकअप पहिल्या वर्षाअखेर वहीत ६,८०,००० रुपयांची राहते, दुसऱ्या वर्षाअखेर ५,७८,००० रुपयांची आणि दहा वर्षांनंतर सुमारे १,५७,५०० रुपयांची. उरलेल्या रकमेवर टक्केवारी काढण्याची ही पद्धत असल्यामुळे गाडी कितीही जुनी झाली तरी वहीत तिची किंमत शून्यावर येत नाही.

घसारा या शब्दात घासणे आहे. वहीतली ओळ हा त्याचा केवळ हिशेब. प्रत्यक्ष घासण्याचे काम गाडीत कुठेतरी रोज चालू असते आणि तिथे टक्केवारीचा नियम चालत नाही. काही भाग बघता बघता शून्यावर येतात. टायर गुळगुळीत झाला तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो. काच तडकली, रंग उडाला, पाटा मोडला, तर मालकाच्या लक्षात येते. परंतु चालकाच्या पायापाशी, डॅशबोर्डखालच्या अंधारात एक भाग असा असतो की तो झिजून संपला तरी मालकाला त्याचे नावही ठाऊक नसते. तो भाग म्हणजे पेडलचा बुश.

बुश म्हणजे दांड्याभोवती बसवलेली छोटी नळी. क्लचचे किंवा ब्रेकचे पेडल एका पोलादी दांड्यावर पुढे-मागे झुलते. पेडल आणि दांडा यांची थेट घासाघीस होऊ नये, झिजायचेच तर स्वस्तातला भाग झिजावा, या हिशेबाने दोहोंच्या मध्ये नायलॉनचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा बुश घालतात. महागड्या मालाखाली गोणपाट अंथरावे, तशीच ही योजना. गोणपाट फाटले तर बदलावे, माल वाचतो. बदलले नाही तर पुढची झीज मालाची.

नेर परसोपंतसारख्या गावात हा प्रश्न शहरापेक्षा अधिक जवळचा आहे. नेरला रेल्वे नाही. जे येते-जाते ते सारे रस्त्याने. यवतमाळ सुमारे ३० किलोमीटर. दुसरीकडे बडनेरा आणि अमरावती. आडव्या वाटांनी दारव्हा, कारंजा, बाभुळगाव. हंगामात कापूस, सोयाबीन, तूर. एरवी किराणा, बियाणे, खते, सिमेंट, लोखंडी पत्रे. दुकानापुढे उभी असलेली जुनी पिकअप हीच अनेक घरांची मालगाडी. खेड्यांच्या रस्त्यांवर दर फर्लांगावर गिअर बदलावा लागतो; बाजारात पोते उतरवायचे तर गाडी चार वेळा पुढे-मागे घ्यावी लागते. म्हणजे किलोमीटर कमी, परंतु क्लचवर पाय मात्र फार. त्यात काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू आणि धान्याचा भुसा पेडलच्या दांड्यापर्यंत पोचतो, जुन्या ग्रीसमध्ये मिसळतो आणि त्या ग्रीसचेच घासणारे मलम होते. नागपूर-मुंबईच्या हमरस्त्यावर लाख किलोमीटर धावलेल्या गाडीपेक्षा नेरच्या बाजारात निम्मी धावलेल्या गाडीचे पेडल अधिक ढिले निघावे, यात नवल नाही.

मालवाहतुकीच्या छोट्या गाडीशी व्यापारी समाजाचा संबंध जुना आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जैन कुटुंबातील नवलमल फिरोदिया यांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली. त्या कंपनीची तीनचाकी मालगाडी गावोगावी पोचली आणि ‘टेम्पो’ हे जर्मन कारखान्याचे नाव मराठीत सामान्य नाम होऊन बसले. आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी असो, हमाल तिला टेम्पोच म्हणतो. बैलांच्या बंडीकडून टेम्पोकडे आणि टेम्पोकडून पिकअपकडे व्यापार सरकला, त्याला फार तर दोन-तीन पिढ्या झाल्या.

बंडीच्या काळात मात्र झिजणाऱ्या जागेची ओळख घरातल्या पोरालाही होती. चाकाचा तुंबा आसावर फिरतो तिथे वंगण घालायचे, हे सांगावे लागत नसे. वंगणाची नळी बंडीलाच टांगलेली असायची. आस कोरडा पडला की चाक आवाज करून साऱ्या रस्त्याला सांगत असे. पिकअपने तो आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडवला आणि झिजणारी जागा झाकणाखाली नेली. झीज थांबली नाही, ती फक्त नजरेआड गेली.

ती झीज किती महत्त्वाची, हे तराजू ओळखणाऱ्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. पेडल ही तरफ आहे. वरून लोंबणाऱ्या पेडलमध्ये सर्वांत वर दांडा, त्याच्या थोडे खाली मास्टर सिलिंडर दाबणारा पुशरॉड आणि तळाशी पाय ठेवण्याची जागा. दांड्यापासून पायापर्यंतचे अंतर पुशरॉडपर्यंतच्या अंतराच्या पाचपट धरले, तर पायाने दिलेला २० किलोचा जोर पुशरॉडवर १०० किलोचा होतो. उरलेले ८० किलो त्याच क्षणी दांडा आणि बुश यांच्यावर येतात. ज्या नळीची भिंत एक-दोन मिलिमीटर जाड असते, ती दर वेळी एवढा भार पेलते आणि दिवसातून शेकडो वेळा पेलते.

ही तरफ उलटही काम करते. बुश एक मिलिमीटर झिजला, तर पायापाशी सुमारे चार मिलिमीटरची चाल फुकट जाते. पुशरॉडच्या पिनेचे छिद्र एक मिलिमीटरने मोठे झाले, तर पाच मिलिमीटर. दोन्ही जागा थोड्या थोड्या झिजल्या, की जवळजवळ बोटाच्या जाडीइतके पेडल नुसतेच खाली जाते. त्यात ना ब्रेक लागतो, ना क्लच सुटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक अंतर कापते. रस्त्यात अचानक गुरे आडवी आली तर पायाखालची ही रिकामी चाल आणि आडवे हलणारे पेडल यांत जो क्षण जातो, त्याचे मोल मीटरांत मोजावे लागते.

एवढा उघड दोष असताना तो वर्षानुवर्षे तसाच का राहतो? कारण तो एका दिवसात येत नाही. नेरच्या बाजारातील एखादे धान्याचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. चालक पंधरा वर्षांपासून त्याच घरी आहे. गाडीही जवळजवळ तेवढीच जुनी. दिवाळीला पुण्याहून आलेला पुतण्या सहज म्हणून गाडी दारव्ह्यापर्यंत नेतो आणि परत आल्यावर विचारतो, “काका, क्लच एवढा खाली कसा? आणि ब्रेकचं पेडल डावी-उजवीकडे हलतं.” चालक शांतपणे सांगतो, “तो तसाच आहे भाऊ. दोनदा दाबला का बरोबर पडते गिअर.” शेठजी विचारतात, “मग सांगितलं का नाही?” त्यावर उत्तर येते, “सांगण्यासारखं काही वाटलंच नाही, शेठजी.”

हे उत्तर खोटे नसते. रोज केसभर वाढणारी झीज पाय रोज केसभर सावरून घेतो. ज्याचा पाय त्या पेडलवर सर्वाधिक पडतो, त्यालाच तिचा पत्ता सर्वांत उशिरा लागतो. या खेरीज दुसरेही एक कारण असते आणि ते मालकाच्या पेढीवर तयार होते. चालकाने पूर्वी कधी दुरुस्ती सांगितली, तेव्हा “गाडी तुझ्याच हातात असते, मग बिघडली कशी?” असा प्रश्न त्याला मिळाला असेल, तर पुढच्या वेळी तो बोलत नाही. डिझेल किती लागले हे रोज विचारले जाते. पेडल कसे आहे हे कधीच विचारले जात नाही. ज्याची विचारपूस होते, त्याचीच माणूस काळजी घेतो.

म्हणून ही तपासणी मालकाने किंवा घरातील तरुणाने महिन्यातून एकदा स्वतः करावी. त्याला पाच मिनिटे लागतात आणि एकही पाना लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत. दार उघडून खाली वाकावे, पेडल हाताने धरून आडवे हलवावे, मग हलकेच वर-खाली. दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात वरचा दांडा आणि पुशरॉडची पिन पाहावी. हालचाल दांड्यापाशी दिसली तर बुश गेला आहे. पिनेपाशी दिसली तर पिन किंवा तिचे छिद्र. पेडल सोडल्यावर अडखळत वर येत असेल, करकरत असेल, शेजारच्या पेडलपेक्षा खाली राहत असेल, मागे घेताना गिअर खरखरत असेल किंवा पाय काढल्यावरही ब्रेकचा लाल दिवा जळत राहत असेल, तर संशयाला जागा आहे.

एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवावा. इंजिन चालू ठेवून ब्रेक जोराने दाबून मिनिटभर धरावा. पेडल हळूहळू खाली बसत गेले तर तो बुशाचा दोष नव्हे; मास्टर सिलिंडरचे रबर गेले असेल किंवा तेल कुठेतरी गळत असेल. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत जागची हलवू नये. बुशाची झीज थोडी वाट पाहू देते, ब्रेकच्या तेलाची गळती पाहू देत नाही.

दोष सापडल्यावर खरी परीक्षा दुरुस्तीची. घाईच्या गिऱ्हाइकासाठी गॅरेजमध्ये काही सोप्या तोडी असतात. पुशरॉड लांब करून रिकामी चाल भरून काढणे ही त्यांतली सर्वांत घातक. पेडल लगेच वर येते, मालक खूश होतो. परंतु बुश तसाच झिजलेला राहतो. शिवाय पुशरॉडला आवश्यक तेवढी मोकळीक उरली नाही, तर मास्टर सिलिंडरमधील तेल परतण्याचे बारीक छिद्र बंद राहते. मग पाय काढल्यावरही ब्रेक किंचित लागलेलाच राहतो, ड्रम तापतात, तेल तापून फुगते आणि ब्रेक आणखी आवळतो. क्लचची मोकळीक अशीच खाल्ली गेली तर रिलीज बेअरिंग अखंड फिरत राहते आणि क्लचप्लेट घसरून जळते. एका छोट्या नळीचे पैसे वाचवून क्लचप्लेटचा खर्च ओढवून घेणे, हा तोट्याचाच सौदा. दुसरी तोड म्हणजे दांड्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळणे. ती काही दिवसांत सरकते आणि पेडल अडकण्याची भीती उभी राहते. तिसरी, स्प्लिट पिनच्या जागी तार किंवा खिळा वाकवून घालणे. ज्या पिनेवर ब्रेक अवलंबून आहे, तिला तारेच्या भरवशावर सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

योग्य दुरुस्ती अवघड नाही, ती फक्त क्रमाने करावी लागते. ब्रेकचे पेडल सुटणार असल्यामुळे आधी चाकांना पक्की अटक लावायची. खोलण्यापूर्वी मोबाईलवर दोन-तीन छायाचित्रे घ्यायची, म्हणजे वॉशर आणि स्प्रिंग कुठे होते याचा वाद होत नाही. परतीची स्प्रिंग ताणलेली असते. ती काढताना डोळे सांभाळावेत. मग स्प्लिट पिन, पुशरॉडची पिन आणि ब्रेकच्या दिव्याचा स्विच सोडवून दांडा बाहेर ओढायचा. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची पेडले एकाच दांड्यावर असतात. तशी रचना असेल तर दोन्हींचे बुश एकाच वेळी बदलावेत. खोलण्याची मजुरी एकदाच पडते.

बाहेर आलेला दांडा पुसून त्यावरून नख फिरवावे. नखाला पायरी लागली, तर दांडाही बदलायला हवा. खड्डा पडलेल्या दांड्यावर नवा बुश घालणे म्हणजे फुटक्या मापाने नवे धान्य मोजणे होय. ज्या ब्रॅकेटमध्ये दांडा बसतो त्याचे छिद्र गोल आहे की लांबट झाले, भोवतालच्या पत्र्याला तडा आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. बुश वेळेवर बदलला असता तर जे काम एका दुपारी झाले असते, ते छिद्र लांबट झाल्यावर वेल्डिंग आणि लेथ यांच्या हाती जाते.

गाडीचा तयार नायलॉन बुश मिळत असेल तर तोच घ्यावा. जुन्या गाडीचे भाग मिळेनासे झाले असतील, तर लेथवर गनमेटलचा बुश करून घेता येतो. पूर्वी तोफा ओतण्यासाठी वापरला जाणारा हा धातू. त्याच्या जुन्या प्रमाणात तांबे ८८, कथील १० आणि जस्त २ टक्के असे. पोलादी दांड्याशी त्याचे चांगले जमते. झिजतो तो बुश, दांडा टिकतो. लेथवाल्याकडे केवळ जुना बुश नेऊ नये, कारण तो झिजलेला असल्याने त्याचे माप चुकीचे असते. दांडा आणि पेडल दोन्ही न्यावीत आणि व्हर्नियरने माप घेऊ द्यावे. बुश हातोडीने ठोकून न बसवता वाइसमध्ये सरळ दाबून बसवावा. दाबल्यावर त्याचे आतले छिद्र किंचित आवळते, म्हणून शेवटी रीमर फिरवून ते बेताचे करून घ्यावे. पेडल आपल्या वजनाने सहज खाली झुलले पाहिजे, तरीही आडवे हलता कामा नये. योग्य बसणीची ही ओळख पाने-हातोडी न कळणाऱ्या मालकालाही पटवता येते.

यानंतर धातूच्या बुशाला ताजे ग्रीस, नायलॉनला त्याला मानवणारे सिलिकॉन ग्रीस. स्प्लिट पिन नेहमी नवी. पुशरॉडची मोकळीक गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावी, ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो आणि विझतो का ते पाहावे, पायाखालची चटई पेडलला अडत नाही ना हे तपासावे आणि रिकाम्या गाडीने, सावकाश, मोकळ्या रस्त्यावर चार-सहा वेळा ब्रेक लावून पाहावा. भरलेली गाडी त्यानंतर. मिस्त्रीकडून जुना बुश, जुना दांडा आणि जुनी पिन मागून घ्यावी. मागण्यामागे अविश्वास नसतो. झीज किती होती हे मालकाने एकदा हाताने चाचपले की पुढच्या वेळी चालकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. अनेक घरांत गाडीची सारी देखभाल त्या एका तारखेभोवती फिरते. तारीख जवळ आली की रंगाचा हात, दिवे, आरसे. प्रमाणपत्र मिळाले की वर्षभर निर्धास्त. परंतु प्रमाणपत्र त्या दिवसाच्या गाडीचे असते. पुढच्या तीनशे चौसष्ट दिवसांची जबाबदारी मालकाचीच राहते.

त्यासाठी मोठी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. ज्या घरात पै-पैची वही आहे, तिथे गाडीची एक वेगळी वही सहज राहू शकते: तारीख, किलोमीटर, काय तपासले, काय बदलले, चालकाने काय सांगितले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहू लागला तर गाडी निर्दोष आहे असे समजू नये. चालक बोलेनासा झाला असावा, असे समजावे. महिन्याच्या एखाद्या दिवशी पगार देताना “पेडल कसं आहे, भाऊ?” एवढे विचारले आणि उत्तर ऐकून त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रीकडे लावली, तर तो रकाना पुन्हा भरू लागतो.

दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षीच्या खर्चात धरता येतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. नव्या बुशाची किंमत तर एका टाकी डिझेलच्या मानाने क्षुल्लक. तरीही हा भाग पैशांच्या अडचणीने राहत नाही, तो न विचारल्यामुळे राहतो. वहीतल्या घसाऱ्याने करात सवलत मिळते आणि ती मालकाच्या पदरात पडते. पेडलच्या घसाऱ्याचा भार मात्र पहाटे तुरीची पोती भरून यवतमाळच्या रस्त्याला लागलेल्या माणसाच्या पायावर पडतो, आणि समोरून सायकलवर शाळेला निघालेल्या मुलावरही. पहिली नोंद मुनीमजी दर मार्चला चुकवत नाहीत. दुसरीची नोंद घेणारा माणूस घरात कोण, हे प्रत्येक पेढीने यंदा ठरवून टाकावे.